मामांचं राहिलेलं काम

दहाव्याला निघताना मी हत्यारांची पेटी घेतली नव्हती. खांद्यावर पंचा आणि पिशवीत कपड्यांचा एक जोड, एवढंच. मुलुंडला ज्या गॅरेजात मी काम करायचो, तिथल्या मालकाला सांगून आलो होतो की दुपारपर्यंत परत येतो. सीताराममामांना मूलबाळ नव्हतं, तेव्हा पिंड द्यायचे ते सख्ख्या भाच्यानं, म्हणजे मी. ते झालं की माझं काम संपलं, असं मी धरून चाललो होतो.

बोरीवली स्टेशनच्या पश्चिमेला, एक्सरच्याही पुढे, खाडीला लागून एका शेठची वाडी होती. साल त्र्याऐंशी. बिल्डिंगी पार जवळ येऊन ठेपल्या होत्या, पण वाडीत शिरलं की शहर मागे पडायचं. भाताची खाचरं, चिंचेची दोन झाडं, पत्र्याची शेड, मामांची खोली आणि पलीकडे खाडीचं पाणी अडवणारा मातीदगडाचा बांध. बांधापलीकडे तिवरं आणि चिखल. ओहोटी लागली की त्या चिखलाचा वास खोलीत येऊन बसायचा. शेठ वर्षानुवर्षं तिकडे फिरकले नव्हते, जमीन नुसती पडून होती. मामा तिथे आधी ट्रॅक्टरचे ड्रायव्हर होते. ट्रॅक्टर बंद पडला आणि मग ते रखवालदार झाले.

त्या दिवसांत समुद्रात कुठेतरी वादळ होतं म्हणे. डिसेंबर असून आभाळ भरलेलं असायचं, पाऊस मात्र पडत नव्हता. सकाळी दहालाही दिवेलागण झाल्यासारखं वाटायचं.

पिंड बांधाजवळच मांडले. भटजींनी सगळ्यांना बाजूला व्हायला सांगितलं, आणि कावळा काही शिवेना. चिंचेवर दहा-बारा बसले होते. खाली बघत होते, पण जागचे हलत नव्हते. मग अशा वेळी जे चालतं ते सुरू झालं. जो तो पुढे होऊन, हात जोडून मामांना वचन देऊ लागला. रुक्मिणीमामीला आम्ही बघू, तिला एकटं पडू देणार नाही, गावच्या देवाचं राहिलं असेल ते देऊ. दीड तास गेला. मामी जमिनीवर बसली होती आणि तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. आपल्या नवऱ्याचा जीव कशात अडकलाय हे आपल्यालाच कळू नये, याची तिला लोकांसमोर लाज वाटत होती.

मी फिटर माणूस. संपापर्यंत गिरणीत, नंतर गॅरेजात. जे चालत नाही ते का चालत नाही, एवढंच मला कळतं. कावळ्याबिवळ्यावर माझा फार विश्वास होता असंही नाही. पण मामीसाठी मी पुढे झालो आणि तोंडाला आलं ते बोलून गेलो.

"मामा, ट्रॅक्टर मी चालू करतो. आणि तुमचं जे काय काम राहिलं असेल ते पुरं करतो."

शब्द संपायच्या आत एक कावळा आला. चिंचेवरून नाही, बांधाकडून, जमिनीलगत उडत. अंगानं चिंब ओला आणि चोचीला चिखल. त्यानं पिंडाला चोच मारली, घास उचलला आणि परत बांधाकडेच गेला. लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. मामी रडली, पण मोकळी होऊन रडली. ट्रॅक्टरवर जीव होता हो माणसाचा, असं चार जण म्हणाले आणि मलाही ते पटलं.

वचन दिलं म्हटल्यावर ते तेराव्याच्या आत पुरं व्हायला हवं, नाहीतर मामा मध्येच लोंबकळत राहतील, असं मामीचं म्हणणं. तोवर तिनं अन्न सोडलं. कोरा चहा आणि पाणी, बस. मला नाही म्हणायला तोंडच उरलं नाही. मी मुलुंडला जाऊन पेटी, एक बॅटरी आणि नवे प्लग घेतले, मालकाच्या शिव्या खाल्ल्या आणि रात्री परत वाडीवर आलो.

सकाळी शेडचं दार उघडलं तेव्हा आत उंदरांचा आणि जुन्या रॉकेलचा वास कोंडलेला होता. विलायती बनावटीचा राखाडी ट्रॅक्टर, शेठच्या वडिलांनी बावन्न साली घेतलेला. पेट्रोलवर चालू करायचा आणि इंजिन तापलं की कॉक फिरवून रॉकेलवर घ्यायचा, अशी ती जात. टायर बसलेले, रेडिएटरच्या जाळीत घरटं, सीटचा पत्रा गंजून खरखरीत झालेला. मामा रोज संध्याकाळी इथे येऊन बसायचे, असं मामीनं कौतुकानं सांगितलं. पण बसायचे ते दाराबाहेर, स्टुलावर, ट्रॅक्टरकडे पाठ करून. सलग अठरा वर्षं. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

हँडल जागेवर नव्हतं. इंजिन फिरवायला पुढून लोखंडी हँडल घालावं लागतं, ते नसेल तर सगळंच अडतं. मामीनं ते शोधून दिलं. देव्हाऱ्याखालच्या ट्रंकेत होतं, लाल फडक्यात गुंडाळलेलं, वरून सुतळीच्या सात गाठी मारलेल्या. दसऱ्याला मामा कोयत्याची, विळ्याची, पहारेची पूजा करायचे, पण हे फडकं कधी सोडत नसत. गाठी सोडवताना माझी नखं दुखली.

"कोणाक हात लावूक देयत नसत," मामी म्हणाली. "येवढो जीव होतो ह्येंचो."

इंजिन जाम होतं. प्लग काढून चारही भोकांत रॉकेल आणि ऑइल ओतलं आणि मुरायला ठेवलं. तोवर टाकी धुतली, कार्बोरेटर खोलून साफ केला, पॉइंटवर काचपेपर फिरवला, उंदरांनी खाल्लेल्या वायरी बदलल्या. एकेक भाग खोलत गेलो तसा मी चक्रावलो. बिघाड काहीच नव्हता. इंजिन बसलं होतं ते उभं राहून राहून. अठरा वर्षांपूर्वी तो ट्रॅक्टर बंद पडला नव्हता, कुणीतरी धडधाकट इंजिन बंद करून ठेवलं होतं.

संध्याकाळी मामीला सहज विचारलं, तेव्हा तिनं ती हकिगत सांगितली. पासष्ट साली भरतीच्या उधाणात बांध फुटला आणि खारं पाणी शेतात शिरायला लागलं. मामा आणि त्यांचा जोडीदार सहदेव ट्रॅक्टर घेऊन बांधावर गेले. हा सहदेव मामांच्याच गावचा, बिनलग्नाचा, सहा वर्षं मामीच्या हातचं जेवत होता. ट्रॅक्टरच्या मागे एक फिरता दांडा असतो, त्याच्यावर पंप चालवायचा. एकानं वर बसून इंजिन सांभाळायचं आणि दुसऱ्यानं मागे, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून पंप धरायचा. पहाटे मामा एकटेच परत आले, गळ्यापर्यंत चिखलानं भरलेले. सहदेव भांडला आणि तिथूनच तडक गावाला गेला, असं त्यांनी सांगितलं. दिवस उजाडल्यावर गडी टोपल्या घेऊन गेले तर खिंडार बुजवून झालेलं होतं. एकट्या माणसानं एका रात्रीत दगड टाकून बांध बांधला, म्हणून शेठनं मामांची पाठ थोपटली होती.

मामीला वाईट वाटायचं ते वेगळंच. सहा वर्षं तिच्या हातचं खाऊन जाताना येतो म्हणून सांगितलं नाही की नंतर कधी चिठ्ठी पाठवली नाही. कपड्यांची पिशवीसुद्धा खुंटीला तशीच राहिली होती. तिनं ती दोन वर्षं ठेवली आणि मग एका भिकाऱ्याला देऊन टाकली.

मी ऐकून घेतलं. बांधाकडे बघायचं मात्र टाळलं, आणि का टाळलं ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

बाराव्या दिवशी दुपारी इंजिन सुटलं. हँडल आधी करकरलं, मग जड का होईना पण फिरायला लागलं. आता फक्त वंगण द्यायचं राहिलं होतं. पुढचं सगळं केलं आणि शेवटी मागच्या दांड्याकडे आलो. त्याच्यावर चिखलाचा गोळा वाळून दगड झाला होता. छिन्नीनं टवके काढले, तर आत कापड लागलं. पंचा होता, पट्ट्यापट्ट्यांचा. सुताच्या रिळासारखा दांड्यावर घट्ट गुंडाळला गेला होता. कापत, उलगडत गेलो. त्याच्या खाली काळा करदोरा, त्यात तांब्याचा ताईत, आणि सगळ्यांत आत, लोखंडाला चिकटलेले केस.

कुणी मला समजावून सांगायची गरज नव्हती. पाण्यात उभ्या असलेल्या माणसाचा पंचा दांड्यात सापडला. तो ओरडला असणार. इंजिनच्या आवाजात मामांना ऐकू आलं नसेल, किंवा ऐकू येऊनही हात चालला नसेल. आणि मग घाबरून त्यांनी ते खिंडार बुजवलं. कशानं बुजवलं, ते आता मला कळलं. ते अठरा वर्षं शेडच्या दारात बसले ते मायेनं नव्हे, पहाऱ्याला बसले होते. हँडल देवाखाली ठेवलं ते कुणी परत ते इंजिन चालू करू नये म्हणून.

मग दहाव्याला शिवला तो कुणाचा कावळा होता? मामांचे कावळे तर चिंचेवरच बसून राहिले होते. ज्याचा दहावा कधी झालाच नाही, असा एकजण बांधाकडून आला, मामांच्या पिंडाचा घास घेऊन गेला आणि माझं वचनही घेऊन गेला. मी मामांना शब्द दिलाच नव्हता. मामांना नको होतं तेच करायचा शब्द मी दुसऱ्याला दिला होता.

मी तेव्हाच थांबायला हवं होतं. पण दारात मामी उभी होती. दोन दिवस पोटात अन्न नाही, हातात आरतीचं ताट आणि नारळ, आणि तोंडावर एवढी आशा की माझ्यानं बोलवेना. तुझ्या नवऱ्यानं माणूस पुरला, हे मी कोणत्या तोंडानं सांगणार होतो? तो ताईत आणि केस मी त्याच पंच्यात गुंडाळून खिशात घातले आणि उठलो.

मामीनं नारळ फोडला, पाणी चाकावर शिंपडलं. मी ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये घातला, मागच्या दांड्याचा लिव्हर बंद आहे हे दोनदा बघितलं. पेट्रोलचा कॉक उघडला, स्टिअरिंगखालची ॲक्सिलरेटरची दांडी दोन खाचा खाली ओढली आणि पुढे येऊन हँडल धरलं. हँडल उलटं फिरलं तर मनगट मोडतं, म्हणून अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा असतो. दोनदा मारलं, काही नाही. तिसऱ्यांदा इंजिन खोकलं, पांढरा धूर ओकलं आणि चालू झालं.

पत्रे थडथडायला लागले. मामीनं पदरानं डोळे पुसले. इंजिन तापेपर्यंत मी तिथेच उभा राहिलो, मग कॉक रॉकेलवर फिरवला. आवाज जरा घोगरा झाला आणि रॉकेलचा वास शेडभर पसरला. तेवढ्यात मागे काहीतरी घुमल्यासारखं वाटलं म्हणून वळून बघितलं. लिव्हर बंदच होता, आणि दांडा फिरत होता.

मग आवाज आला. मागून, खालून, दांड्याच्या जवळून. पाण्यात तोंड बुडता बुडता बोलावं तसा.

"थांबव... थांबव रे..."

सहदेव, असं मनात आलं. इंजिन तसंच चालू होतं. आवाज पुन्हा आला, या वेळी जवळून, आणि मध्ये एक ओळखीची ढास लागली. लहानपणापासून मी ती ढास ऐकत आलो होतो.

"नंदू... बंद कर रे... माका सोडव..."

ते मामा होते.

मी वायर उपटली. इंजिन दोन झटके देऊन थांबलं, दांडा थांबला, आवाजही थांबला. शेडमध्ये फक्त तापलेल्या लोखंडाची टिकटिक राहिली. मामीकडे बघायची मला हिंमत होत नव्हती. ती किंचाळेल, पडेल, असं वाटलं होतं. ती ताट हातात धरून तशीच उभी होती आणि कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडावर रंग आला होता.

"लाव परत," ती म्हणाली.

मी म्हटलं, मामी, ऐकलंस ना ते काय म्हणत होते? तिनं ऐकलं होतं. शब्द न् शब्द ऐकला होता. पण तिला शब्दांशी कर्तव्य नव्हतं. चाळीस वर्षांच्या संसारातला आवाज बारा दिवसांपूर्वी गेला होता आणि तो तिला आत्ता मिळाला होता. ती माझ्या हाताला धरून गयावया करायला लागली.

"बंद करू नको रे... तेवढोच ह्येंचो आवाज ऐकाक गावता."

मी लावला नाही. तेरावं झालं, मामी जेवली, पाहुणे गेले. मी बॅटरी काढून घेतली, हँडल पिशवीत घातलं आणि मामीला मुलुंडला चल म्हणून सांगितलं. ती आली नाही. मी फार आग्रहही केला नाही, हे कबूल करतो. राहिलेलं काम कोणतं ते मला पुरतं कळलं होतं. बांधाचे दगड काढायचे, खाली जे काय उरलं असेल ते बाहेर काढायचं आणि सहदेवच्या नावानं पिंड द्यायचा. दोन दिवसांचं काम. ते केलं असतं तर मामीला सगळं सांगावं लागलं असतं, पोलीस आले असते, मामांच्या नावाला काळं लागलं असतं. अशी सतरा कारणं मी स्वतःला दिली. खरं कारण म्हणजे मला भीती वाटत होती. तो पंचा मी खाडीत टाकला आणि शब्द मोडून घरी आलो.

पाडव्याला मात्र राहवलं नाही. श्रीखंडाचा डबा घेऊन पाचच्या सुमाराला वाडीच्या वाटेला लागलो. ऊन चांगलं होतं. चिंचेपाशी पोचलो आणि मला इंजिनचा आवाज ऐकू आला. घोगरा, रॉकेलवर चाललेला.

हँडल मुलुंडला माझ्या खाटेखाली होतं. बॅटरी गॅरेजात एका टॅक्सीला लावलेली मी सकाळीच बघितली होती. मी मामीच्या खोलीत डोकावलो. स्टोव्ह कोरडा पडला होता आणि मागच्या बाजूला तीन दगडांची चूल मांडलेली होती. रेशनचं रॉकेल कुठे जात होतं ते विचारायची गरज नव्हती.

मामी शेडच्या दारात बसली होती, आत तोंड करून. दुपारी लोक रेडिओ ऐकत बसतात तशी. अर्धी झाली होती, पण चेहरा शांत होता. मी जवळ जाऊन तिच्या कानाशी विचारलं, मामी, हा चालू कोणी केला?

"सहदेव भावजी इले ना गावाकडसून," ती म्हणाली. "पौषातच इले. येवढी वर्सां झाली, पण काय बदल नाय, तसेच तरणे. बोलणत नाय फारसे. जेवूक बसा म्हणतंय, तर बसणत नाय."

सहदेवचं खरं काय झालं त्याबद्दल मी कुणालाही, कधीही एक अक्षर बोललो नव्हतो.

"कुठायत?"

तिनं ट्रॅक्टरच्या सीटकडे बोट केलं. सीट रिकामी होती. मी बघत असतानाच स्टिअरिंगखालची दांडी आपोआप एक खाच खाली सरकली. इंजिन चढलं, मागचा दांडा जोरानं घुमायला लागला, आणि त्याच्या जवळून, खालून, मामांचा आवाज वर चढत गेला. आता त्यात शब्द उरले नव्हते.

मामीनं डोळे मिटले आणि बाजूला सरकून मला स्टुलावर जागा करून दिली.

"आज कसो चांगलो ऐकाक येता," ती म्हणाली. "बस मरे जरा... भावजी अजून मोठो करतले."